तुझी पहाटेची साखर

दादा, आज रविवार. सकाळी साडेसहाला सवयीनं चपला घातल्या, साखर मोजायची सुई-पट्टीची डबी पिशवीत टाकली आणि निघाले. गल्ली ओलांडून तुझ्या फाटकाशी पोचले, कडीला हात लावला, तेव्हा आठवलं की आता टोचायचं कोणाला. वहिनी अंगणात उभी होती. तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि आत जाऊन चहा ठेवला. मग आम्ही दोघींनी चांगला दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा घेतला. तू असतास तर म्हणाला असतास, "पाय वं, मी गेलो अन् या दोघी सुटल्या."

अठरा दिवस झाले तुला जाऊन. लोक मला सांगतात, "मॅडम, मनात ठेवू नका, रडून घ्या." रडले ना. पहिले चार दिवस दुसरं काय केलं? पण रडणं संपल्यावर जे उरलं ते भांडण आहे. आठ वर्षांचं आपलं भांडण तू अर्धवट टाकून गेलास, आणि एकटीनं भांडण्यात मला कधीच मजा वाटली नाही. म्हणून हे लिहायला बसले. तुला मधे तोंड घालता येणार नाही, एवढा एक फायदा आहे.

आपण दोघं एकाच घरात वाढलो, पण कामं अशी निवडली की एकमेकांना कधी पटू नये. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. तू चाळीस वर्षं कळमन्याच्या बाजारात संत्री चाखलीस. बाहेरच्या माणसाला हे काम खरं वाटत नाही. माझ्या शाळेतल्या बायका विचारायच्या, "म्हणजे तुमचे भाऊ करतात काय?" मी सांगायचे, अडत्याच्या दुकानावर शेतकऱ्याचा ढीग उतरला की तो वरचं एक, मधलं एक आणि तळातलं एक संत्रं काढतो, सोलतो, फोड तोंडात टाकतो आणि सांगतो, गोड की आंबट, रसाळ की कोरडं, दूरच्या गाडीत टिकेल की नाही. त्याच्या शब्दावर बोली लागते. बायका म्हणायच्या, "अगं बाई, मज्जाच आहे." तुझी मजाच होती म्हणा, साठाव्या वर्षी शुगर निघेपर्यंत.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "गोड खाता का?" तू अगदी प्रामाणिकपणे सांगितलंस, "खातो म्हणजे काय साहेब, थेच तं काम हाय. हंगामात सकाळ सकाळ साठ-सत्तर ढीग होते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला हसू आलं. ते म्हणाले, काम सोडा. तू माझ्याकडे पाहिलंस, जणू त्यांनी तुला श्वास घेणं सोडायला सांगितलं होतं. "काम सोडून घरी बसू? मंग चाखू काय, हिचे तपासलेले पेपर?"

तोडगा मी काढला होता, आठवतंय ना? फोड तोंडात घ्यायची, चावायची, चव पाहायची आणि थुंकायची. जिभेला कळलं की काम झालं, पोटाला कळायचं कारण नाही. तू म्हणालास, "थुकीन. शब्द देला." एवढं बोलून विषय संपवलास. मी मात्र संपवला नाही. शब्द दिला तरी तपासणी हवी, ही मास्तरकी माझ्या हाडात मुरलेली.

आपल्या घरात राखी नाही, भाऊबीज नाही. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं आणि आपणही पुन्हा धरलं नाही. लहानपणी शेजारच्या मुलींच्या हातातली तबकं पाहून मला थोडं वाईट वाटायचं, हे तुला माहीत होतं. साठीला आल्यावर आपला स्वतःचा सण निघाला. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, बहिणीनं भावाचं बोट टोचायचं आणि भावानं ओवाळणीत आकडा घालायचा. तू दरवेळी वेगळं बोट पुढे करायचास. "याची पाळी हाय आज. त्या दिवशीचं अजून रुसून हाय." टोचून झालं की वहिनी पोहे आणायची, तर्री तुझ्या वाट्याला अर्धी वाटी. मग तुझं ते नेहमीचं रडगाणं, की तर्रीत कुठं साखर असते. कित्येक रविवारी मी फक्त तुझ्या त्या रडगाण्यासाठी यायचे, हे आज सांगून टाकते.

पण ओवाळणी वाईट पडायची. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे नव्वद. एकशे पासष्ट. गंमत अशी की दुपारी जेवणानंतर मोजलं तर आकडा बरा यायचा, आणि रात्रभर पोटात काही न जाता सकाळी मोजलं की चढलेला. हे उलटं कसं? माझ्याकडे याचं एकच उत्तर होतं.

"रात्री काय खाल्लंस?"

"दोन पोया अन् वांग्याची भाजी. तुह्या वहिनीले इचार."

"त्यानंतर?"

"त्यानंतर झोप खाल्ली. पोटभर."

मला हे खरं वाटलं नाही. साखर तोंडातून येते, याशिवाय दुसरा रस्ता माझ्या डोक्यातच नव्हता. मग मी तुझ्यावर जे उद्योग केले ते आठवले की आता कानाच्या पाळ्या गरम होतात. संत्रा बर्फीच्या डब्याला मी बारीक दोरा गुंडाळला. दोरा जागचा हलला नाही, तर मी म्हणाले, त्यानं पुन्हा तसाच गुंडाळला असेल. उशीखाली साली शोधल्या. एकदा संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रांगोळीची भुकटी भुरभुरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊलखुणा पाहायला आले. खुणा होत्या, मांजरीच्या. तू बोट पुढे करत शांतपणे विचारलंस, "मॅडम, पयले तिची शुगर पायता काय?" वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. एवढं होऊनही मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, तू दुसरीकडून कुठून तरी मिळवत असशील.

तुला दुसऱ्या वर्षीचा तो रविवार आठवत असेल, मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तुला सगळं काढून दाखवलं होतं. माझी फळ्यावरची सवय. जेवण झालं की पोळीची साखर होते आणि आतड्यातून रक्तात उतरते. रक्तात ती वाढली की पोटामागचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन आलं की पेशी साखर आत घेतात आणि उरलेली यकृत आपल्याकडे साठवून ठेवतं. मग बराच वेळ काही खाल्लं नाही, साखर उतरायला लागली, की स्वादुपिंड दुसरा एक रस सोडतं, ग्लुकॅगॉन, आणि यकृत साठवलेलं थोडं थोडं परत देतं. चढलं की उतरव, उतरलं की चढव, जन्मभर हेच. आणि हा सगळा आटापिटा कशासाठी, तर अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साधारण एक चमचा साखर असते, ती तेवढीच राहावी म्हणून.

तू चमच्यावर अडलास. "येवढ्या मोठ्या देहाले एक चमचा? अन् त्या चमच्यापायी तू मले दोन वर्सं झाले छळून राहिली?"

मी म्हणाले, "हसू नकोस. समजलं का ते सांग."

"समजलं. यकृत म्हणजे गोदाम."

"हो."

"मंग मले सांग, गोदामातून माल कवा निघते?"

"गरज पडली की."

तू मान हलवलीस. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे मी पाहते तसं माझ्याकडे पाहिलंस. "नाही वं. गरज पडाच्या आधी निघते. कळमन्यात गिऱ्हाईक उजाडल्यावर येते, पण माल पहाटेच बाहेर मांडून ठेवा लागते. गिऱ्हाईक दारात आल्यावर कुलूप उघडलं तं धंदा झाला मंग. माणूस सहाले उठते. त्याले उठून हिंडाले-फिराले ताकद पाह्यजे. तं गोदामवाला चारलेच माल काढून ठेवत असंन. ज्याच्याकडं हमाल भरपूर, त्याचा माल पटापट जागेवर जाते, कोणाले दिसतही नाही. माह्याकडं हमाल कमी पडून राहिले. म्हून माल रस्त्यावर पडून राहते अन् तू येऊन थोच मोजतं."

दहावीपर्यंत शिकलेल्या माणसानं, ओसरीत पाय पसरून बसल्या बसल्या, चार वाक्यांत एवढं सांगितलं. आणि मी काय म्हणाले? "तुझं कळमना तुझ्यापाशी ठेव. पुस्तकात असं काही नाही."

पुस्तकात खरंच नव्हतं. शाळेच्या पुस्तकात साखर वाढली तर काय आणि घटली तर काय, एवढंच होतं. शरीर पुढचं पाहून आधीच तयारीला लागतं, हे त्यात नव्हतं, आणि पुस्तकात नसलेल्या उत्तराला मी तीस वर्षांत कधी पूर्ण गुण दिले नाहीत. स्वतःच्या शब्दांत बरोबर लिहिणाऱ्या पोरांचाही अर्धा गुण कापला. त्या पोरांमध्ये तू एक, सगळ्यात म्हातारा.

आता अवघड भाग. हा टाळून पुढे जाता आलं असतं, पण तुझ्याशी बोलताना काय टाळायचं.

तुझ्या पल्लवीचं लग्न ठरलं. साक्षगंधाचा कार्यक्रम चालू होता, अंगठ्या घालून झाल्या होत्या, आणि मुलाच्या मामांनी मिठाईचं ताट तुझ्यापुढे धरलं. तू हात जोडलेस, "नको, शुगर हाय मले." आणि मी मागून, चांगल्या खणखणीत वर्गातल्या आवाजात म्हणाले, "लोकांपुढे नको म्हणतो. घरी चोरून खातो. रोज खोटं बोलतो. विचारा त्याला, सकाळची शुगर कुठून येते ते." सगळे हसले. नवे व्याही सगळ्यात जोरात हसले. तूही हसलास. मला वाटलं, छान कोटी झाली.

परत येताना ऑटोत मधे वहिनी होती. तू बाहेर पाहत होतास. कडबी चौक मागे पडल्यावर बोललास. तू आवाज चढवला असतास तर मला बरं वाटलं असतं.

"आयक वं. चाळीस वर्सांत मी आंबट माल कधी गोड म्हून सांगतला नाही. मालक रुसला, शेतकरी रडला, तरी नाही. मले खादाड म्हण, चोर म्हण, काई म्हण. खोटारडा नको म्हणू."

मी म्हणाले, "आकडा खोटं बोलत नाही, दादा."

"आकडा खरंच बोलून राहिला. तू त्याले चुकीचं इचारून राहिली."

मी दुसऱ्या बाजूच्या रस्त्याकडे तोंड फिरवलं. तुझं पटलं म्हणून का, असं विचारशील तर नाही, रागानं. माझंच खरं, असं अजूनही वाटत होतं. पुढच्या रविवारी मी येईन की नाही, तू दार उघडशील की नाही, असा विचार आठवडाभर डोक्यात होता. आले, तर तू ओसरीत करंगळी पुढे काढून बसला होतास. "ये वं. उशीर केला, माह्ये पोहे थंडे होऊन राहिले." त्या सकाळसाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. तू मला ओशाळायलासुद्धा वेळ दिला नाहीस.

आणि मग दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा, संत्र्याच्या आंबिया बहाराची ऐन गर्दी. पल्लवी मिहानमधल्या तिच्या ऑफिसातून थेट तुझ्याकडे आली आणि तिनं तुझ्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवली. दोन आठवडे ती तिथेच राहणार, दिवसरात्र साखर मोजणार आणि मोबाइलवर रेघ काढत जाणार. तू विचारलंस, "म्हणजे आत्याले सुट्टी?" मी म्हणाले, "आत्या तपासायला येणारच." मनातून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता चोर रंगेहाथ सापडणार होता.

पहिल्या रविवारी पल्लवीनं मोबाइल आपल्या तिघांमधे धरला. रात्री साडेनऊला जेवणाचा चढ, मग उतार, मग अकरापासून सपाट रेघ. सरळ, शांत, झोपलेल्या माणसासारखी. आणि चारच्या सुमाराला ती हळूच उठली. साडेचार, पाच, साडेपाच, चढतच गेली. त्या वेळी तू अंथरुणात होतास, वहिनी शेजारी होती, पल्लवी तर त्या रात्री मुक्कामालाच होती. एक दिवस नाही, सातही दिवस तसंच. तुझ्या तोंडात काही न जाता तुझी साखर रोज पहाटे चढत होती.

तू चष्मा कपाळावर सरकवून रेघेवर बोट ठेवलंस. "पाय. चार वाजले. गोदाम उघडलं."

मी म्हणाले, "चहा ठेवते," आणि उठले.

त्या आठवड्यात डॉक्टरांकडेही मीच आले होते तुझ्याबरोबर. ते म्हणाले, पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं. काही रस वाढतात, ते यकृताला साखर सोडायला सांगतात. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड लगेच पुरेसं इन्सुलिन सोडून ती आवरतं, म्हणून त्याला पत्ताही लागत नाही. यांच्यात ते कमी पडतं. पुष्कळ लोकांना असं होतं, यात यांचा काही दोष नाही. तू खुर्चीत पुढे सरकलास आणि नम्रपणे म्हणालास, "साहेब, येक डाव अजून सांगा. या मॅडम जराशा कमी आयकतात." डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी मोठ्या आवाजात पुन्हा सांगितलं. यांचा काही दोष नाही, हे तर दोनदा. घरी येईपर्यंत मी रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलत राहिले. तू प्रत्येक खड्ड्याला "हाव, हाव" करत होतास.

त्यांनी तुझं रात्रीचं औषध बदललं, जेवणानंतर पाव तास चालायला लावलं, आणि महिन्या-दीड महिन्यात सकाळचा आकडा खाली आला. सहा वर्षं दोऱ्यानं आणि रांगोळीनं जे झालं नाही, ते योग्य प्रश्न विचारल्यावर झालं. मी हा निष्कर्ष वहीत लिहिला नाही. फक्त आकडा लिहिला, एकशे एकवीस.

पण त्या रेघेवर अजून एक टेकडी होती, दादा. दुपारी चारची. छोटीशी, नेटकी, बाजार चालू असेल त्या प्रत्येक दिवशी. दुकान बंद असलेल्या दिवशी नव्हती. माझं बोट तिच्यावर येऊन थांबलं, तेव्हा तू घाईनं म्हणालास, "पल्लवी, मोबाइल ठेव, चार्जिंग संपीन." मी पाहिलं हे तुला कळलं, आणि तुला कळलं हे मला कळलं. तेव्हापासून आपण दोघं बरोबरीत होतो. तू चार वाजताचं सांगत नव्हतास आणि मी पहाटे चारचं कबूल करत नव्हते.

दोन वर्षं दर रविवारी बोट पुढे करताना तू विचारायचास, "मॅडम, काई सांगाचं हाय काय?" मी म्हणायचे, "बोट सरळ धर." हे एवढं छान चाललं होतं की ते संपवावं असं मला वाटेना. माझी चूक मला केव्हाच पटली होती. नुसती पटली नव्हती, ऑटोतलं तुझं ते तोंड आठवून मी कितीदा तरी अस्वस्थ झाले होते. पण दर रविवारी तू विचारावंस आणि मी टाळावं, हा आपला खेळ झाला होता, आणि खेळात मी ते खरं वाक्य दडवून ठेवलं. शेवटच्या रविवारी आकडा एकशे बारा होता. तू म्हणालास, "आज तं कबूल कर. येवढा चांगला आकडा देला मी." मी म्हणाले, "आधी तू चार वाजताचं सांग." तू खो खो हसलास. "थे सांगतलं तं मंग मजा काय राहिली?" बुधवारी तू गेलास. साखरेनं नाही, हृदयानं, दुपारी, आरामखुर्चीत. सगळे म्हणतात, सुखानं गेला. मलाही तसंच वाटतं, पण बुधवारऐवजी पुढचा सोमवार चालला असता, मधे अजून एक रविवार मिळाला असता.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कळमन्याहून इतके लोक आले की मांडवाबाहेर खुर्च्या लावाव्या लागल्या. भंतेजींची वंदना झाली, मग दोन-चार जण बोलायला उठले. तुझ्या दुकानावरचे हमाल, ते सुखदेवभाऊ, हातात माइक घेऊन आधी नुसतेच उभे राहिले. मग म्हणाले, "भाऊनं गोड म्हणलं का आमी कापून पायत नव्हतो. पुरा बाजार पायत नव्हता." एवढं बोलून ते रडायला लागले. मी खाली मान घातली. अख्खा बाजार तुझ्या शब्दावर न कापता माल उचलत होता, आणि मी, तुझी सख्खी बहीण, दर रविवारी सुई घेऊन येत होते.

मग त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "ताई, येक गोष्ट सांगतो, रागवू नका. भाऊ दिवसभर थुकत होते. बालटी ठेवली होती आमी. पण धंदा आटोपला का चारच्या सुमाराले, त्या दिवशी ज्याचा माल सगळ्यात चांगला, त्याचं येक अख्खं संत्रं घेऊन बसत. थे नव्हते थुकत. म्हणत, येवढ्या मेहनतीनं पिकवलं, कोणाच्या तं पोटात गेलं पाह्यजे. अन् मले म्हणत, माह्या बहिणीले नको सांगू." पांढऱ्या कपड्यातला सगळा मांडव हसला, रडता रडता. वहिनी सुद्धा. मी तर इतकी हसले की पल्लवीनं पाण्याचा ग्लास आणून दिला. दिवसाला साठ-सत्तर ढीग थुंकणारा माणूस एक संत्रं गिळत होता, तेही शेतकऱ्याचा मान म्हणून. एवढ्यावर मी तुला चोर म्हणत होते.

म्हणजे तुझी बाजू तर फिटली. तू सांगितलं नाहीस, पण दुसऱ्याच्या तोंडून का होईना, आलं. माझी राहिली होती.

परवा माझ्या मुलानं घरातल्या सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या करवल्या. तू अचानक गेलास म्हणून तो घाबरला आहे. संध्याकाळी कागद आले. माझी उपाशीपोटीची साखर एकशे सदतीस. माझी सून श्वेता कागद हातात घेऊन माझ्यासमोर बसली, आणि तिच्या तोंडावर मी अगदी ओळखीचा भाव पाहिला. तो मी आरशात कधी पाहिला नसेल, पण तू आठ वर्षं पाहिलास.

"आई, आदल्या रात्री काय खाल्लं होतं?"

"दोन पोळ्या, मुगाची डाळ."

"अन् त्यानंतर?"

"काही नाही."

"खरं सांगा न आई. फ्रिजमध्ये बर्फी होती."

काय सांगू, दादा, मला काय वाटलं. मी खरं बोलत होते आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. एवढंसं वाटतं ऐकायला, पण आतून कसं लागतं ते मला पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. तू हे दर रविवारी सोसलंस आणि वरून मांजरीची गंमत केलीस.

मी कागद मागून घेतला, उलटा केला आणि तिला गोदाम काढून दाखवलं. पहाटेचा बाजार, गिऱ्हाईक यायच्या आधी मांडलेला माल, कमी पडणारे हमाल. एकही शब्द माझा नव्हता. ती लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "किती सोपं करून सांगितलं. हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. तुझे मामेसासरे सांगायचे."

"अन् तुम्हाला लगेच पटलं?"

श्वेतानं अगदी सहज विचारलं. तिला आपलं भांडण माहीत नव्हतं. चार शब्दांत टाळता आलं असतं, चहाला उठता आलं असतं. मी बसून राहिले.

"नाही पटलं," मी म्हणाले. "सहा वर्षं मी त्याला खोटं ठरवलं, चारचौघांत ठरवलं. तो खरं बोलत होता. मग दोन वर्षं मला ते माहीत होतं, तरी त्याला सांगितलं नाही. चूक माझी होती."

झालं कबूल, दादा. तू समोर नव्हतास, म्हणूनच जमलं.